सौरज्वालेची ठिणगी कुठे पडते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

सौरज्वाला पेटते ती सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेल्या ऊर्जेवर. विरुद्ध दिशांची क्षेत्रे जिथे समोरासमोर येतात, तिथे विद्युतप्रवाहाचा पातळ थर तयार होतो. त्याला प्रवाहपटल म्हणतात. त्यात क्षेत्ररेषांची जोडणी बदलते, म्हणजेच चुंबकीय पुनर्जोडणी होते.

गैरसमज १: क्षेत्ररेषा ताणलेल्या रबरासारख्या तुटतात.

वस्तुस्थिती: क्षेत्ररेषा ही वस्तू नाही, क्षेत्राची दिशा दाखवायला काढलेली रेघ आहे. एरवी प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, आणि क्षेत्र एकमेकांना बांधलेले असतात. पातळ पटलात ही बांधणी सुटते आणि क्षेत्राची ऊर्जा कणांना उष्णता व वेग देते.

गैरसमज २: विरुद्ध क्षेत्रे भिडली की लगेच स्फोट होतो.

वस्तुस्थिती: भौतिकशास्त्रज्ञ स्वीट आणि पार्कर यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या गणितानुसार, शांत पटलातून ऊर्जा सुटायला आठवडे, महिने लागतील. सौरज्वाला मात्र काही मिनिटांत भडकते. हा वेग अस्थिरतेतून येतो. पटल आपणहून फाटून त्यात चुंबकीय बेटे, म्हणजे क्षेत्ररेषांची बंद वेटोळी, तयार होतात, हे फर्थ, किलीन आणि रोझेनब्लुथ यांनी १९६३ मध्ये दाखवले. पटल पुरेसे लांब आणि पातळ असेल तर बेटांची साखळीच उभी राहते, असे २००७ मध्ये लुरेरो, शेकोचिहिन आणि काऊली यांनी सिद्धान्तातून मांडले. दोन बेटांमधले आखूड पटल पुन्हा फाटते, आणि पुनर्जोडणी कित्येक पटींनी वेगावते.

गैरसमज ३: पुनर्जोडणीच्या संगणकीय सिम्युलेशनमध्ये प्रत्येक कणाचा हिशेब असतो.

वस्तुस्थिती: संगणकातला एक कण असंख्य खऱ्या कणांचा प्रतिनिधी असतो. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १,८३६ पट जड, पण वेळ वाचवायला हे गुणोत्तर अनेकदा २५ किंवा १०० धरतात. शिवाय सुरुवातीलाच पटलाला मुद्दाम धक्का देण्याची पद्धत आहे. वेगवेगळ्या सिम्युलेशनांच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जेम’ तुलनेत हा धक्का मोठा होता. त्यातून पुनर्जोडणीचा वेग कळला. ती सुरू कशी होते, हे नाही. त्यासाठी पटल हळूहळू पातळ होऊ द्यावे लागते आणि बारीकशा गोंधळातून अस्थिरता आपणहून वाढताना पाहावी लागते.

गैरसमज ४: हे सारे फक्त संगणकातच घडते.

वस्तुस्थिती: २०१५ मध्ये सोडलेले नासाचे ‘एमएमएस’ हे चार उपग्रह १६ ऑक्टोबर २०१५ रोजी पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या सीमेवर अशाच पुनर्जोडणीच्या गाभ्यातून गेले आणि तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचाली त्यांनी थेट मोजल्या.

म्हणून सिम्युलेशनचे देखणे चित्र समोर आले, की पहिला प्रश्न हाच विचारावा: पटल आपणहून फाटले, की त्याला धक्का दिला होता?