भावपत्रक एकदा लिहा, बांधणी बिल्डवर सोडा

समजा, घाटंजीतल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला नागपूर-अकोल्याच्या खरेदीदारांना रोज ईमेलने मराठी भावपत्रक पाठवायचे आहे. एका रकान्यात कापसाचा भाव, शेजारच्यात ओलाव्याची टक्केवारी. वेबपानावर हे किरकोळ काम. ईमेलमध्ये नाही, कारण विंडोजवरचे पारंपरिक आउटलूक 2007 पासून पत्र दाखवायला चक्क वर्डचे इंजिन वापरते. फ्लेक्सबॉक्स त्याला कळत नाही. टेबलात टेबल घालावे लागते. हे हाताने लिहिणे म्हणजे शिक्षाच.

त्यासाठी एमजेएमएल ही भाषा आहे. मेलजेट या फ्रेंच कंपनीने ती 2016 मध्ये खुली केली. आपण लिहायचा एक एमजे-सेक्शन, म्हणजे आडवा पट्टा, आणि त्यात दोन एमजे-कॉलम. कंपायलर त्यातून इनलाइन शैली काढतो, आउटलूकपुरती टेबले काढतो आणि 480 पिक्सेल वा त्याहून रुंद पडद्यावर रकाने शेजारी-शेजारी आणणारी मीडिया क्वेरीही; एरवी ते एकाखाली एक राहतात. तयार झालेला एचटीएमएल बघवत नाही. बघायचाही नसतो, दुरुस्ती कायम मूळ फाइलीत करायची.

कंपाइल करणे गल्प या बिल्ड-साधनाकडे द्यायचे. टेम्पलेटच्या फाइली उचलायच्या, एमजेएमएलमधून काढायच्या, डिस्ट फोल्डरात टाकायच्या, एवढेच त्याचे काम. वॉच, म्हणजे फाइलींवरची नजर, लावला की फाइल सेव्ह होताच नवे पत्र तयार. खोच आहे ती सामाईक तुकड्यांत. शीर्षपट्टी आणि तळपट्टी वेगळ्या फाइलींत असतील तर वॉच त्यांच्यावरही हवा, पण स्वतंत्र पत्रे म्हणून त्या कंपाइल होता कामा नयेत. शिवाय एमजेएमएलची पडताळणी ‘स्ट्रिक्ट’ करा. मूळची ‘सॉफ्ट’ पडताळणी टॅग चुकला तरी बिल्ड पुढे रेटते.

मराठीची फिकीर मात्र एमजेएमएलला नाही. एमजे-टेक्स्ट या मजकुराच्या टॅगमध्ये ओळीची उंची मुळात 1 असते. रोमन लिपीचे त्यात भागते. आपले वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. सगळ्या टॅगांची मूळ मूल्ये ठरवणाऱ्या एमजे-अॅट्रिब्यूट्समध्ये ती एकदाच 1.6 करा आणि फॉन्टच्या यादीत निर्मला यूआय, नोटो सान्स देवनागरी घाला.

राहिले वजन. जीमेल 102 केबीच्या पुढचे पत्र कापते. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, म्हणजे ‘घाटंजी’ हा शब्दच 18 बाइटांचा. तेव्हा शेवटी फाइलीचा आकार मोजणारी पायरी जोडा आणि 90 केबी ओलांडले की बिल्ड थांबू द्या. अर्थात खरे ओझे बहुतेकदा मजकुराचे नसते, सेक्शनमागे निघणाऱ्या टेबलांचे असते. भावाच्या प्रत्येक ओळीला वेगळा सेक्शन न करता सगळा तक्ता एकाच एमजे-टेबलात बसवावा.