डिस्कला वेगळी वाट

एकेका होस्टवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवर, वीस-तीस व्हीएम सहज नांदतात. त्यांच्या डिस्क मात्र बऱ्याचदा त्या होस्टमध्ये नसतातच. त्या पलीकडच्या रॅकमधल्या स्टोरेजवर असतात आणि होस्ट त्यांच्यापर्यंत नेटवर्कवरून पोचतो. व्हीएममधल्या लिनक्सला किंवा विंडोजला याचा पत्ता नसतो. डिस्क आपल्याच पेटीत बसवलेली आहे, या समजुतीवर ती निर्धास्त असतात.

इथरनेटचा स्वभाव या समजुतीला साजेसा नाही. गर्दी झाली, स्विचची साठवण भरली, की स्विच पॅकेट सरळ टाकून देतो. ते पुन्हा पाठवायचे काम टीसीपीचे. वेबपान उशिरा उघडले तर माणूस थोडा वैतागतो आणि थांबतो. डिस्कच्या बाबतीत थांबण्याला मुदत असते. लिनक्स डिस्कला दिलेल्या एका हुकमाच्या उत्तरासाठी मुळात ३० सेकंद थांबते, विंडोज ६०. मुदत उलटली की डिस्क बिघडली असे धरून सावरासावर सुरू होते. तीही फसली तर फाइल सिस्टिम लिखाण बंद करून केवळ वाचण्यापुरती उरते. अशी व्हीएम बाहेरून ठणठणीत दिसते. पिंगला उत्तर देते, कधी लॉगिनही होऊ देते. पण लॉगमध्ये एक ओळ लिहायची म्हटली तरी नकार येतो आणि डेटाबेस केव्हाच बसलेला असतो.

स्टोरेजच्या स्वतंत्र जाळ्याच्या, म्हणजे फायबर चॅनलच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. त्याच्या तारा वेगळ्या, कार्ड वेगळी, स्विचही वेगळे; शिवाय समोर जागा असल्याचे कळल्याशिवाय फ्रेम सोडायचीच नाही, असा त्याचा शिरस्ता. खर्च मात्र दणदणीत. सन मायक्रोसिस्टिम्सचे एनएफएस १९८४ पासून साध्या नेटवर्कवर फायली वाटून देत होतेच. २००४ मध्ये आयस्कझीचे मानक निघाले आणि डिस्कचे हुकूमही टीसीपीत गुंडाळून पाठवता येऊ लागले. ‘आहे त्याच इथरनेटवर चालते’ हे त्याचे मोठे आकर्षण ठरले, आणि फसगतही तिथेच झाली. चालते हे खरे. पण आहे त्याच गर्दीत चालवावे, असे त्यातून निघत नाही.

गर्दी कोणाची, हे एका उदाहरणावरून दिसते. ६४ जीबी मेमरीची चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवायची आहे. ६४ जीबी म्हणजे ५१२ गिगाबिट. १० गिगाबिटची तार पूर्ण मिळाली तरी किमान ५१ सेकंद लागणार. कॉपी चालू असताना बदललेली पाने पुन्हा पाठवावी लागतात, ते निराळेच. तेवढा वेळ ही कॉपी तार भरून टाकते आणि त्याच तारेवरून जाणारे डिस्कचे हुकूम रांगेत लागतात. रात्रीचा बॅकअप हेच काम तासन् तास करतो.

यावर पहिला उपाय म्हणून व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवर पाडलेले आभासी विभाग, सुचवले जाते. १९९८ च्या ८०२.१क्यू मानकानुसार प्रत्येक फ्रेमला ४ बाइटची चिठ्ठी लागते. तिच्यातल्या १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक असतो, म्हणून ४,०९४ व्हीलॅन पाडता येतात. ही विभागणी हवीच, पण तिचे काम सुरक्षेचे आहे. आयस्कझीचा मजकूर तारेवरून उघडाच जातो. चॅप नावाची तपासणी फक्त लॉगिनच्या वेळी होते. एनएफएसची तिसरी आवृत्ती तर सर्वसाधारण मांडणीत समोरचा सांगेल तो वापरकर्ता क्रमांक खरा मानते. त्यामुळे स्टोरेजच्या व्हीलॅनमध्ये सामान्य व्हीएमला जागा देऊ नये, आणि त्याला बाहेर जाणारा गेटवेही ठेवू नये. तारेची क्षमता मात्र व्हीलॅनने वाढत नाही. बसगाड्यांच्या पाट्या वेगळ्या असल्या तरी घाट एकच असतो आणि तो तुंबला की सगळ्याच अडकतात. व्हीलॅन पाडले म्हणजे स्टोरेज वेगळे केले, हा समज म्हणूनच महागात पडतो.

खरी फारकत तारांची. होस्टवरचे दोन पोर्ट फक्त स्टोरेजला द्यायचे, तेही शक्यतो दोन वेगळ्या कार्डांवरचे. प्रत्येकाची तार वेगळ्या स्विचला आणि शक्यतो वेगळ्या सबनेटमध्ये. दोन्ही वाटा वापरायचे काम आयस्कझीत मल्टिपाथिंगवर सोपवायचे. इथे अनेक जण सवयीने दोन पोर्टांची एलएसीपीने मोट बांधतात. त्यात एका टीसीपी जोडणीचा सगळा प्रवास एकाच तारेवरून होतो. दोन तारा जोडल्या म्हणून त्या जोडणीचा वेग दुप्पट होत नाही.

स्विचकडेही बघावे लागते. जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये, म्हणजे स्विचच्या वळसे टाळणाऱ्या व्यवस्थेत, पोर्ट सुरू झाल्यावर १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ शिकण्यात जातात. बेरीज ३०, म्हणजे नेमकी लिनक्सची मुदत. होस्टच्या पोर्टवर ही प्रतीक्षा बंद करून ठेवावी लागते.

जंबो फ्रेमचा घोळ याहून फसवा. नेहमीच्या १,५०० ऐवजी ९,००० बाइटची मर्यादा होस्टवर आणि स्टोरेजवर ठेवली, पण मधला एक स्विच राहून गेला, तर लॉगिन होते, डिस्कची यादी दिसते, साधा पिंगही जातो. मोठी फाइल लिहायला घेतली की सगळे गोठते. तपासणी सोपी आहे: तुकडे करू नयेत अशी खूण लावून ८,९७२ बाइटचा पिंग पाठवायचा. त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट मिळवले की ९,००० भरतात. तो गेला नाही तर वाटेत कुठेतरी १,५०० ची मर्यादा अजून तशीच आहे.

ब्लेड सर्व्हरवर कधी कधी दोनच पोर्ट असतात. तिथे तारा वेगळ्या करता येत नाहीत, मग वाटा ठरवून द्यायचा. व्हीएमवेअरच्या नेटवर्क आयओ कंट्रोलमध्ये प्रत्येक प्रकारच्या ट्रॅफिकला भाग नेमून देता येतात आणि तार तुंबली तरच ते लागू होतात. एरवी कोणीही हवे तेवढे वापरावे. व्यवस्था चांगली, पण तिचा अंमल होस्टच्या पोर्टपर्यंतच चालतो. पुढच्या स्विचला हा प्राधान्यक्रम वेगळा शिकवावा लागतो.

व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स प्रणालीच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे होस्टच्या गटात, आणखी एक पाहुणा असतो, कोरोसिंक. होस्ट एकमेकांना ‘मी जिवंत आहे’ असे सांगत राहतात, ते याच्यामार्फत. हे निरोप छोटे असतात, पण त्यांना उशीर अजिबात खपत नाही. ते स्टोरेजच्या तारेवर ठेवले आणि गर्दीत अडकले, की होस्टचा बाकीच्यांशी संपर्क तुटतो. हाय अव्हेलेबिलिटी चालू असेल तर बहुमत गमावलेला होस्ट मिनिटभराने स्वतःलाच रीस्टार्ट करतो. त्याच्या व्हीएम मग इतर होस्टवर सुरू होतात आणि त्यांच्या डिस्कचे वाचन पुन्हा त्याच तुंबलेल्या तारेवर येऊन पडते.