पाठीमागची स्प्रिंग

आमच्या शाळेच्या आवारांत दुचाकी उभ्या करण्याची जी जागा आहे, तिच्याकडे ज्यानें लक्ष देऊन पाहिलें असेल, त्यास एक फरक खचित दिसून आला असेल. पूर्वीं तेथें काळ्या रंगाच्या, आडव्या दांड्याच्या, चामडी बैठकीच्या दुचाकींची रांग लागत असे. आतां त्या रांगेंत जाड टायरांच्या रंगीबेरंगी दुचाकी मिसळल्या आहेत. आणि त्यांतील कित्येकींच्या मधोमध, बैठकीच्या खालीं, लाल किंवा पिवळ्या रंगाची एक जाड स्प्रिंग बसविलेली असते. हिलाच आपले मिस्त्री ‘शॉकअप’ म्हणतात. मुलांचा सारा जीव ह्या स्प्रिंगवर. दुकानांत शिरलेला मुलगा प्रथम बैठक दाबून पाहतो, दुचाकी खालींवर डोलते, आणि तेथेंच सौदा ठरतो.

ही स्प्रिंग करते काय, ती केव्हां उपयोगी पडते आणि केव्हां निव्वळ ओझें होते, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उमजावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. त्यास निमित्तही तसेंच घडलें.

गेल्या हिवाळ्यांत नववीच्या कांहीं मुलांना घेऊन मी दुचाकीवरून धाराशिव लेण्यांकडे निघालों होतों. शहराच्या जवळच बालाघाटाच्या डोंगरांत हीं लेणीं आहेत. मुलांमध्यें एकाची दुचाकी अगदीं नवी होती. सोयाबीनचे पैसे हातीं येतांच वडिलांनीं ती घेऊन दिली होती. सपाट डांबरी रस्त्यावर तो सर्वांच्या पुढें होता. परंतु चढ लागतांच मागें पडूं लागला. आजोबांची जुनी काळी दुचाकी घेऊन आलेला त्याचा सोबतीही त्याच्या पुढें निघून गेला. “सर, पाय खालीं जातो, पण गाडी पुढें जात नाहीं,” असें तो धापा टाकीत म्हणाला. परततांना मुरमाच्या उतारावर त्याच्या मागच्या चाकाखालीं एक दगड आला. स्प्रिंग दबली आणि लागलीच अशी उसळली कीं, स्वार बैठकीवरून उडून कडेला पडला. कोपर खरचटलें, तेवढ्यावरच निभावलें. पण त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें तें कोपरासाठीं नव्हे. “बाबांना काय सांगूं?” हेंच तो पुनःपुन्हां विचारीत होता.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं स्प्रिंगचा स्वभाव पाहूं. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें त्याचा नियम शोधून काढला. १६७६ सालीं त्यानें तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपानें छापला आणि १६७८ सालीं त्याचा उलगडा केला. नियम सोपा आहे: जितका जोर, तितका फरक. एक किलोच्या वजनानें स्प्रिंग एक बोट दबत असेल, तर दोन किलोंनीं दोन बोटें आणि तीन किलोंनीं तीन बोटें दबेल. भंगारवाल्याच्या हातांतील लोंबता काटा ह्याच नियमावर चालतो.

परंतु ह्या नियमाची दुसरी बाजूही आहे. स्प्रिंग धक्का गिळून टाकीत नाहीं. ती तो क्षणभर उसना घेते आणि जवळजवळ सारा परत करते. घरीं एक प्रयोग करून पाहा. एखादी नरम स्प्रिंग खिळ्यास टांगून तिच्या खालच्या टोकास दगड बांधा, तो थोडा ओढा आणि सोडून द्या. दगड कितीतरी वेळ खालींवर नाचत राहील. आतां तोच दगड पाण्यानें भरलेल्या बादलींत पूर्ण बुडेल अशा रीतीनें टांगा आणि पुन्हां ओढून सोडा. दोनचार हेलकाव्यांतच तो शांत होईल. पाण्यास बाजूला सारतां सारतां त्याचा जोर खर्ची पडला.

चांगल्या शॉकअपमध्यें हेंच काम तेल करतें. स्प्रिंगच्या पोटांत एक नळी असते, नळींत तेल असतें व तेलांत एक दट्ट्या खालींवर सरकतो. दट्ट्यास बारीक छिद्रें असतात. स्प्रिंग दबतांना आणि विशेषतः उसळतांना तेलास त्या छिद्रांतून कष्टानें वाट काढावी लागते. ह्या घर्षणानें धक्क्याचा जोर उष्णतेंत बदलतो आणि हवेंत निघून जातो. म्हणून स्प्रिंग ही अर्धें यंत्र, आणि तेल हें उरलेलें अर्धें. आमच्या विद्यार्थ्याच्या दुचाकींत पहिलें अर्धें होतें, दुसरें नव्हतें. स्वस्त दुचाकींच्या लाल-पिवळ्या स्प्रिंगच्या आंत बहुधा नुसता दांडा असतो, तेल नसतेंच.

येथें कोणी वडीलधारे विचारतील, “आमच्या टांग्याच्या कमानींत तेल कोठें होतें? तरी तो उसळत नव्हता!” प्रश्न मार्मिक आहे. टांग्याची कमान एकावर एक ठेवलेल्या पोलादी पाट्यांची असे. ती दबतांना पाटे एकमेकांवर घासत, आणि त्या घासण्यांतच धक्क्याचा बराचसा जोर जिरे. वेटोळ्याच्या स्प्रिंगला असें घासण्यास कोणी नसतें. हा तिचा गुण, आणि सोबत तेल नसेल तर हाच तिचा दोष.

चढावरील त्रासाचें कारणही हेंच. पायडलावर जोर दिला कीं शरीराचा भार खालींवर होतो, दर वेळीं स्प्रिंग दबते, आणि पायाच्या श्रमाचा कांहीं भाग चाक फिरविण्याऐवजीं दुचाकी डोलविण्यांत खर्च होतो. काळ्या दुचाकीच्या बैठकीखालींही दोन स्प्रिंगा असतात. पण त्या केवळ स्वारास झेलतात. सांगाडा आणि चाक ह्यांच्यामध्यें त्या येत नाहींत. म्हणून पायाचा जोर थेट साखळीस पोहोंचतो.

तर मग मागची स्प्रिंग निघाली तरी कशासाठीं? १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या दुचाकी घेऊन डोंगरावरून मातीच्या वाटेनें खालीं येण्याचा खेळ खेळूं लागले. १९७६ सालीं तेथें ‘रिपॅक’ नांवाची शर्यत सुरू झाली. उतार इतका तीव्र होता कीं, मागच्या चाकाच्या ब्रेकमधील वंगण जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर तें पुन्हां भरावें लागे. शर्यतीचें नांव त्यावरूनच पडलें. अशा वाटेवर ताठ सांगाड्याचें चाक प्रत्येक दगडावरून उडतें. आणि हवेंत असलेल्या चाकास ब्रेकही लागत नाहीं व वळणही घेतां येत नाहीं. चाक जमिनीस चिकटून राहावें म्हणून पुढें स्प्रिंग आली, मागें स्प्रिंग आली. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, स्प्रिंगचें पहिलें काम स्वारास आराम देण्याचें नसून चाकास भूमीवर ठेवण्याचें आहे.

ह्याचा प्रत्यक्ष अनुभव मला नंतर आला. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यास नोकरी करतो व सुट्टीच्या दिवशीं डोंगरवाटांवर दुचाकी चालवितो. तो आपली दुचाकी घेऊन घरीं आला होता. तिच्या मागच्या शॉकअपमध्यें पोलादी स्प्रिंग व तेल दोन्ही होतीं. मी मोठ्या उत्सुकतेनें ती घेऊन दगडाळ वाटेस लागलों, आणि माझी निराशा झाली! लहान खडे तर जणूं थेट कमरेंत टोचत होते. तो हंसून म्हणाला, “सर, दोष दुचाकीचा नाहीं. ही स्प्रिंग माझ्या वजनाची आहे, तुमच्या नव्हे.”

मग त्यानें मला हिशेब समजावून दिला. विद्यार्थ्यांनीं तो कागदावर मांडून पाहावा. त्या दुचाकीचें मागचें चाक १५० मिलिमीटर वर उचललें गेलें म्हणजे शॉकअप ६० मिलिमीटर दबतो. म्हणजे तरफेच्या नियमानें चाकावरील भार शॉकअपपाशीं अडीचपट होतो. स्वार स्वस्थ बसला असतां शॉकअप साधारणतः तीस टक्के, म्हणजे १८ मिलिमीटर दबलेला असावा. असें कां? तर चाकास वर जाण्यास जशी जागा हवी, तशी खड्ड्यांत खालीं उतरण्यासही हवी. माझें वजन ६० किलो. त्यांतील सुमारें ४० किलो मागच्या चाकावर येतें असें धरलें, तर शॉकअपवर १०० किलो भार पडतो. १०० भागिले १८, म्हणजे दर मिलिमीटरास साडेपांच किलोंहून थोडें अधिक. स्प्रिंगवर हा आंकडा बहुधा दर इंचास किती पौंड अशा मापानें छापलेला असतो. त्या मापानें हा सुमारें ३०० होतो. माझ्या विद्यार्थ्याचें वजन ८० किलो. त्याच्यासाठीं हाच हिशेब सुमारें ४०० वर जातो, आणि त्याच्या स्प्रिंगवर तोच आंकडा होता. दुसऱ्या दिवशीं त्यानें आपल्याजवळची ३०० ची स्प्रिंग बसवून दिली. वाट तीच, दगड तेच, स्वार तोच. पण आतां मागचें चाक प्रत्येक दगडावरून जमीन चांचपत जावें तसें गेलें.

स्प्रिंगच्या टोकास आट्यांची एक गोल रिंग असते. ती आवळली म्हणजे स्प्रिंग कडक होते, अशी मुलांची समजूत आहे. ती चुकीची आहे. रिंग आवळल्यानें स्प्रिंग आधींच थोडी दबून बसते, त्यामुळें स्वार बसल्यावर ती कमी खचते. पण पुढच्या प्रत्येक मिलिमीटरास लागणारा जोर तोच राहतो. स्प्रिंगवर छापलेला आंकडा रिंग फिरवून बदलत नाहीं. त्यासाठीं स्प्रिंगच बदलावी लागते.

ह्याच कारणानें पुष्कळ स्वार पोलादी स्प्रिंगऐवजीं हवेची स्प्रिंग पसंत करतात. बंद नळींत हवा भरलेली असते. पंपानें कमीजास्त भरली कीं कोणाच्याही वजनास ती जुळते, आणि तीनचारशें ग्रॅम किंवा त्याहून अधिक भारही वांचतो. हवेचा स्वभाव मात्र निराळा आहे. तिची जागा निम्मी केली कीं तिचा दाब दुप्पट होतो, हा बॉइलचा नियम तुम्ही शिकलांच आहां. म्हणून हवेची स्प्रिंग शेवटीं शेवटीं फार कडक होते व मोठ्या उडींत तळास आपटत नाहीं. परंतु हवा कोंडून ठेवण्यास रबरी कडीं लागतात, तीं नळीस घासतात, आणि बारीकसारीक धक्क्यांस ती चटकन दबत नाहीं. पोलादी स्प्रिंगला हा अडथळा फार थोडा. म्हणून लांब, खडकाळ उतारावर जाणारे स्वार वजन सोसूनही तिचीच स्तुति करतात. आणि चढावर तेच स्वार तेलाची वाट रोखणारी छोटी कळ फिरवून तिचें डोलणें बंद ठेवतात. एकीचा गुण तो दुसरीची उणीव. सर्व वाटांस सारखी उत्तम अशी कोणतीच नाहीं.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. खऱ्या डोंगरी दुचाकीच्या नुसत्या मागच्या शॉकअपची किंमत शाळेंत येण्याजाण्याच्या सबंध दुचाकीहून कितीतरी अधिक असते. तेव्हां थोड्या पैशांत जी स्प्रिंग मिळते, ती रंगाची स्प्रिंग होय, कामाची नव्हे. दुकानांत बैठक एकदां जोरानें दाबून सोडा. दुचाकी एकदांच वर येऊन थांबली तर आंत तेल आहे. नाचत राहिली तर नाहीं. तसें असेल तर ताठ सांगाड्याची, चांगल्या ब्रेकची व रुंद टायरांची दुचाकी घ्यावी. टायरांतील हवा हीच गरिबाची उत्तम स्प्रिंग आहे. ती १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप ह्यांनीं दुचाकीस दिली, आणि आजही आपल्या खेड्यापाड्यांच्या वाटांवर तिच्याइतकी उपकारक दुसरी नाहीं.

आणि तो आमचा विद्यार्थी? त्याला मीं सांगितलें कीं, बाबांना खरें तेंच सांग. सोबत मीही गेलों. वडील शांतपणें सारें ऐकून घेऊन म्हणाले, “गुरुजी, बैल घेतांना मी दांत पाहतो, चालवून पाहतो. हिचा मात्र नुसता रंग पाहिला.” मग आम्ही तिघांनीं मिळून ब्रेक नीट आवळले, टायरांत योग्य तितकीच हवा भरली, आणि उतारावर वेग कमी ठेवण्याचें वचन मुलाकडून घेतलें. दुचाकी तीच आहे व तो रोज तिच्यावरूनच शाळेंत येतो. फक्त आतां तो चढावर बैठकीवरून न उठतां, एका लयींत, संथपणें पायडल मारतो. आणि कोणी नव्या स्प्रिंगची ऐट दाखवूं लागला, तर प्रथम बैठक दाबून सोडतो आणि ती किती वेळां नाचते तें मोजतो.