प्राणहितेच्या काठी ट्रायलोबाइट का नाही?

वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम झाल्यावर जो प्रवाह दक्षिणेस निघतो, त्यास प्राणहिता हे नाव आहे. अहेरीचे अरण्य डाव्या हातास ठेवून ही नदी सिरोंचापाशी गोदावरीस मिळते. तिच्या काठी निरनिराळ्या युगांचे खडक उघडे पडलेले आहेत. त्या खडकांत माशांचे खवले सापडतात, दगड झालेली झाडांची खोडे सापडतात, प्रचंड सरड्यांची हाडेही सापडतात. परंतु जीवाश्मांचे कोणतेही प्राथमिक पुस्तक उघडले तर ज्या प्राण्याचे चित्र बहुधा आरंभीच दिसते, तो ट्रायलोबाइट मात्र येथे आढळत नाही. तो का आढळत नाही, या प्रश्नाच्या उत्तरात या प्रदेशाचा फार मोठा इतिहास साठविलेला आहे.

प्रथम हा प्राणी कोण, ते पाहू. ट्रायलोबाइट म्हणजे तीन पाळ्यांचा. योहान वाल्च या जर्मन पंडिताने १७७१ साली हे नाव रूढ केले. याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन उभ्या पन्हळी गेलेल्या असतात. त्यामुळे मधला उंचवटा आणि दोन बाजू असे तीन भाग पडतात. कोळंबी, खेकडा, विंचू व कीटक ज्या संधिपाद वर्गात मोडतात, त्याच मोठ्या कुळातील हा एक अत्यंत जुना प्राणी. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तो प्रथम दिसतो आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी तो कायमचा नाहीसा होतो. एवढ्या अवधीत त्याच्या वीस हजारांहून अधिक जाती होऊन गेल्याचे आजवर नोंदले गेले आहे. काही जाती तांदळाच्या दाण्याएवढ्या होत्या, तर कॅनडात सापडलेली एक जात हातभराहून लांब आहे.

या प्राण्याचे अवशेष इतके विपुल का, याचे कारण कोळंबी सोलणाऱ्या गृहिणीस सहज पटेल. संधिपाद प्राण्याची वाढ त्याच्या कवचात मावत नाही, म्हणून तो जुने कवच टाकून नवे धारण करतो. ट्रायलोबाइटही आयुष्यात अनेक वेळा कात टाकीत असे आणि त्याची पाठ तर चुन्याने टणक झालेली असे. म्हणजे एकाच प्राण्यामागे अनेक कवचे समुद्रतळाच्या गाळात पडत. संकट आले म्हणजे अंगाचे वेटोळे करण्याची विद्याही पुष्कळ जातींना साधलेली होती. पावसाळ्यात अंगणात फिरणारा पैसा किडा बोट लागताच करतो, तसेच. वेटोळे केलेल्या स्थितीत दगड झालेले ट्रायलोबाइट अनेक देशांत मिळाले आहेत.

त्याचे डोळे विशेष विलक्षण होत. त्यांची भिंगे कॅल्साइट या खनिजाची होती. म्हणून मांस नाहीसे झाले तरी डोळा दगडात शाबूत राहिला. काही जातींचे डोळे मोठे, काहींचे उंच देठांवर बसविलेले, तर काही जाती साफ आंधळ्या. यावरून कोणती जात उजेडाच्या पाण्यात वावरत असे आणि कोणती काळोख्या खोलीत अथवा चिखलात राहत असे, याचे अनुमान करता येते. जाती झपाट्याने बदलत गेल्यामुळे त्या खडकाचे वयही सांगतात. शिवाय मिठाच्या डोंगरांत, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या पर्वतरांगेत, सापडलेल्या रेड्लिकिया या ट्रायलोबाइटाचे भाऊबंद चीनमध्ये व ऑस्ट्रेलियातही मिळतात. त्यावरून त्या काळचे किनारे व समुद्र यांचा परस्परसंबंध कळू लागतो. भारतात हिमालयातील स्पिती व काश्मीर येथे ट्रायलोबाइट आहेत. स्पितीमधील अवशेषांचे वर्णन कौपर रीड यांनी १९१० साली प्रसिद्ध केले.

आज जेथे बारा हजार फुटांच्या वर बर्फाळ दऱ्या आहेत, तेथे एके काळी समुद्रतळ होता, ही साक्ष या किड्यासारख्या प्राण्याने दिली. मग चांदा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत त्याने मौन का धरावे?

याचे उत्तर देणारे एक स्थळ चांद्याच्या पश्चिम-नैर्ऋत्येस, पैनगंगेच्या बाजूस आहे. इरई नावाच्या गावाजवळ भारतीय भूशास्त्र सर्वेक्षणाचे फेडन यांना चुनखडीचा एक पृष्ठभाग आढळला. तो पाटा घासावा तसा गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एकाच दिशेने ओढलेले चरे होते. त्याच्यावर लहानमोठे धोंडे मिसळलेली गाळाची रास बसलेली होती. १८७५ साली फेडन यांनी आपला निष्कर्ष मांडला की, हे काम बर्फाचे आहे. ज्या चांद्याचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे, तेथे एके काळी बर्फाचे थर सरकत होते! धोंड्यांच्या त्या थरास तालचीर असे म्हणतात आणि त्याचे वय सुमारे ३० कोटी वर्षे मानतात.

आता खालच्या चुनखडीचे वय पाहावे. ती पैनगंगा नावाच्या खडकसमूहातील असून ७० कोटी वर्षांहूनही जुनी आहे. याच समूहातील चुनखडी भाजून आज सिमेंट तयार होते. ती साचली त्या वेळी कवच धारण करणारा प्राणीच जगात निर्माण झाला नव्हता. तेव्हा तिच्यात ट्रायलोबाइट शोधणे म्हणजे पेशव्यांच्या दफ्तरात आगगाडीचे वेळापत्रक शोधण्यासारखे होय. खालचा थर ७० कोटींच्या पलीकडचा, वरचा ३० कोटींचा. मधली चाळीस कोटी वर्षे या दोन थरांच्या सांध्यात गडप झाली आहेत. त्या काळात येथे काही साचले नाही, अथवा साचले ते झिजून वाहून गेले. ट्रायलोबाइटांच्या उदयाचा आणि भरभराटीचा सारा काळ नेमका या लोपलेल्या भागात येतो.

कोणी विचारील, तालचीर थराच्या वेळी तर ट्रायलोबाइट जगात शिल्लक होते. मग त्याच्या वरच्या थरांत ते का नसावेत? येथे दुसरे कारण पुढे येते. ट्रायलोबाइट हा समुद्राचा रहिवासी. आणि बर्फ वितळल्यावर वर्धा खोऱ्यात जे साचले ते नद्यांचे, दलदलींचे व सरोवरांचे. बल्लारपूर व घुगुस येथील दगडी कोळसा अशाच दलदलींतील वनस्पतींपासून झाला असून ग्लॉसोप्टेरिस या झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे त्या थरांत मिळतात. हे झाड भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण ध्रुवाचा प्रदेश या सर्वांत होते. कारण हे भूभाग तेव्हा एकत्र होते. त्या प्राचीन महाखंडास गोंडवन हे नाव मिळाले. ज्या गोंड लोकांच्या वस्तीवरून ते नाव पडले, त्यांची गावे आजही अहेरीच्या रानात आहेत.

तिसरे कारण सिरोंचाच्या उत्तरेस काही मैलांवर, नदीच्या डाव्या काठी असलेल्या कोटा या गावी दिसते. येथील चुनखडी सुमारे १८ कोटी वर्षांची आहे. म्हणजे ती साचू लागली तेव्हा ट्रायलोबाइट नष्ट होऊन सात कोटी वर्षे लोटली होती. परंतु ही चुनखडी रिकामी नाही. १८५१ साली कर्नल साइक्स यांच्या लेखाने लेपिडोटस डेक्कनेन्सिस हा येथील मासा विद्वानांपुढे आला. त्याचे जाड, चकचकीत, शंकरपाळ्याच्या आकाराचे खवले पाहताक्षणी ओळखू येतात. १८६२ साली रूपर्ट जोन्स यांनी येथील एका चिमुकल्या प्राण्यास एस्थेरिया कोटाहेन्सिस असे नाव दिले. हा दोन शिंपांत राहणारा, पण जातीने संधिपाद. ट्रायलोबाइटाचा दूरचा आप्तच म्हणावयाचा. त्याचे आजचे भाऊबंद पावसाळी डबक्यांत जगतात; डबके आटले तरी त्यांची अंडी वाळक्या चिखलात टिकून राहतात. समुद्राच्या प्राण्याची जागा येथे डबक्याच्या प्राण्याने घेतली, यावरूनच पाण्याचे स्वरूप कळते.

नदीच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, पोचमपल्लीजवळ याच कोटा थरांतून १९५८ ते १९६१ या काळात एका अजस्र शाकाहारी डायनोसॉरची हाडे निघाली. १९७५ साली त्यास बारापासॉरस टागोराय हे नाव दिले गेले. त्याचा सांगाडा कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत उभा आहे. अलीकडे सिरोंचा तालुक्यातील वडदम येथेही जीवाश्मांचे उद्यान करण्यात आले आहे.

हा सर्व निर्णय एका गोष्टीवर अवलंबून आहे: कोणता थर खाली आणि कोणता वर, हे पाहणाऱ्यास दिसले पाहिजे. इरईचे चरे चुनखडीवर होते आणि धोंडे त्यांच्यावर होते, म्हणून चाळीस कोटी वर्षांची उणीव मोजता आली. तोच दगड कोणी उचलून घरच्या काचेच्या कपाटात ठेवला असता, तर तो एक ओरखडलेला दगड एवढेच म्हणता आले असते. म्हणून सहलीस गेलेल्या मुलाला खवला किंवा खोडाचा तुकडा दिसला, तर त्याने तो खिशात घालू नये. जागा नीट लक्षात ठेवावी, छायाचित्र घ्यावे आणि जाणत्या माणसास तेथे घेऊन जावे. आणि उद्या कोणी प्राणहितेकाठचा म्हणून ट्रायलोबाइट दाखवू लागला, तर त्यास पहिला प्रश्न हाच विचारावा की, तो कोणत्या थरातून निघाला?