संगणक-खेळांचे कर्ते आणि यंत्राची मर्यादा

पडद्यावर धांवणारी आकृति वस्तुतः धांवत नसते. एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांमुळें गतीचा भास होतो, हें चित्रपटाच्या प्रेक्षकांस ठाऊकच आहे. परंतु चित्रपटांतील चित्रें आधींच घेऊन ठेवलेलीं असतात. संगणक-खेळांतील प्रत्येक चित्र खेळणाराच्या बोटांच्या हालचालीबरहुकूम त्याच क्षणीं तयार करावें लागतें. सेकंदाला ६० चित्रें दाखवावयाचीं झाल्यास एका चित्राच्या वांट्याला सुमारें १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधींत शत्रु कोठें आहे, उडी चुकली कीं साधली, सावली कोठें पडेल, हा सारा हिशेब उरकावयाचा असतो. तो न उरकल्यास चित्र अडखळतें आणि भास मोडतो.

हें काम दोन प्रकारच्या यंत्रांवर चालतें. एक कन्सोल, म्हणजे मुख्यतः खेळांसाठींच बांधलेलें व बहुधा टेलिव्हिजनला जोडावयाचें यंत्र. दुसरें पीसी, म्हणजे घरांत पत्रलेखनापासून हिशेबापर्यंत सर्व कामें करणारा संगणक. कन्सोल ज्या दिवशीं बाजारांत येतें त्या दिवशींच त्याची शक्ति ठरून जाते. पीसीचा मालक मात्र मेमरी वाढवितो, नवें ग्राफिक्स कार्ड बसवितो. किंवा दहा वर्षांपूर्वींचेंच यंत्र चालवीत राहतो. म्हणजे कन्सोलवर खेळकर्त्याचे हात बांधलेले असतात, परंतु दोरी किती लांब आहे हें त्याला पक्कें माहीत असतें. पीसीवर हात मोकळे. पण समोर कोणतें यंत्र आहे याचा भरंवसा नाहीं. म्हणूनच पीसीच्या खेळासोबत किमान व इष्ट अशा दोन प्रतींच्या यंत्रसामग्रीची यादी दिलेली असते.

ठाऊक असलेली मर्यादा कल्पकतेला कशी चालना देते, याचें उदाहरण जपानांत सांपडतें. निन्टेंडोचें फॅमिकॉम हें कन्सोल १९८३ सालीं निघालें. त्याची कार्यमेमरी अवघी २ किलोबाइट होती, आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठांहून अधिक हलतीं चित्रे त्याला दाखवितां येत नसत. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. त्यांतील आकाशांतले ढग आणि जमिनीवरचीं झुडुपें नीट न्याहाळावीं : आकृति एकच, फक्त रंग निराळा! जागेच्या टंचाईंतून निघालेली ही युक्ति कोट्यवधि खेळणारांच्या डोळ्यांसमोरून गेली, पण उणीव म्हणून ती फारशी कोणाला जाणवली नाहीं.

या स्वस्त यंत्रांत एक गुण असा होता कीं पार्श्वभूमि अखंड सरकविण्याची सोय त्याच्या चित्र-चिपमध्येंच केलेली होती. कितीतरी महाग पीसीला तें सहज साधत नसे. कारण संपूर्ण पडदा सेकंदांत अनेक वेळां पुन्हा रंगविण्याइतका वेग त्याला नव्हता. १९९० सालीं अमेरिकेंत जॉन कारमॅक या तरुण प्रोग्रॅमरनें तोडगा काढला : पडद्याचे जे तुकडे खरोखर बदलतात तेवढेच पुन्हा काढावयाचे, बाकीचे तसेच राहूं द्यावयाचे. या रीतीनें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘कमांडर कीन’ हा खेळ पीसीवर अवतरला. यावरून हें दिसतें कीं ‘शक्तिमान यंत्र’ असें मोघम म्हणण्यांत अर्थ नाहीं. कोणत्या कामासाठीं शक्तिमान, हें विचारावें लागतें.

मर्यादेकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें तेंही अलीकडे दिसून आलें. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या मंडळीचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजीं प्रसिद्ध झाला. समर्थ पीसीवर त्यांतील नगरी डोळे दिपवी. परंतु २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ वर, त्याच्या मंद प्रोसेसरमुळें व फिरत्या तबकडीमुळें, चित्र अडखळे, रस्ते ओस दिसत, कधीं खेळ बंदच पडे. ज्यांनीं आगाऊ पैसे भरले होते त्यांची निराशा झाली. आठवड्याभरांतच सोनीनें तो आपल्या दुकानांतून काढून घेऊन पैसे परत देऊं केले. तो परत आला २१ जून २०२१ रोजीं. पुढें २०२३ सालीं त्याची पुरवणी निघाली, ती जुन्या कन्सोलांसाठीं काढलीच नाहीं.

त्या निर्णयांत प्रामाणिकपणा होता. तो तीन वर्षें आधीं दाखविला असता तर बरें झालें असतें. घरांतील जुन्या यंत्रावर विश्वासानें पैसे खर्चणाऱ्या मनुष्याला नव्या यंत्रावरचीं चित्रें दाखवून भागत नाहीं. यंत्र लहान असणें हा दोष नव्हे. ४० किलोबाइटांतही एक अख्खें जग उभें राहिलें. तें राहिलें याचें कारण एवढेंच, कीं त्याच्या कर्त्यांनीं घराचा नकाशा काढण्यापूर्वीं जमीन मोजली होती.