संगणकाची घरघर

जबलपूर शहरात घमापूर भागाला लागून कांचघर नावाची वस्ती आहे. शहराच्या या बाजूला कारखान्यांची परंपरा जुनी आहे. जबलपूरचा तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली सुरू झाला. पुढे १९४२ साली खमरियाचा आयुध कारखाना आणि १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना उभा राहिला. या कारखान्यांतील आणि रेल्वेतील नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली. अशा वस्तीतील माणसांना यंत्रांच्या आवाजाचे नवल वाटत नाही. परंतु कारखान्यातील यंत्र कारखान्यातच राहते. घरातील संगणक मात्र आपल्या उशापाशी येऊन बसला आहे.

अशाच एका घराची कल्पना करू. दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत टेबलावर संगणक आहे, त्याच खोलीत आजी झोपतात आणि तेथेच रात्री उशिरापर्यंत मुलीचा अभ्यास चालतो. संगणकाची घरघर सुरू झाली की आजींची झोप मोडते. मुलगी संगणक बंद करते, तेव्हा अभ्यास थांबतो. कारखान्यात तीस वर्षे यंत्रांजवळ काम केलेले बाबा म्हणतात, ‘‘कसला आवाज? मला तर काहीच ऐकू येत नाही.’’ बाबा खोटे बोलत नाहीत. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केले की कानाची बारीक, उंच स्वर टिपण्याची शक्ती प्रथम कमी होते. एकाच घरात एकच आवाज तिघांना तीन प्रकारे जाणवतो, आणि त्यातून अभ्यास की झोप असा पेच उभा राहतो. हा पेच सोडवण्यासाठी नवा संगणकच घ्यावा लागतो असे नाही. आवाज का होतो हे समजून घेतले, तर बराचसा आवाज घरच्या घरी कमी करता येतो.

आवाज किती, त्रास किती?

ध्वनीची पातळी डेसिबेल या एककात मोजतात. कुजबुज सुमारे ३० डेसिबेल आणि साधे संभाषण सुमारे ६० डेसिबेल असते. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार निवासी भागातील ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल आहे. ही मर्यादा परिसरातील आवाजासाठी आहे. घराच्या आत, झोपण्याच्या खोलीत सतत येणारा आवाज ३० डेसिबेलपेक्षा अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचवले आहे.

संगणकाच्या आवाजाने कोणी बहिरे होत नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. त्याचा उपद्रव निराळा आहे. तो सतत चालू असतो, एकाच स्वरात चालू असतो आणि रात्रीच्या शांततेत अधिक जाणवतो. उन्हाळ्यात खोलीत कूलर चालू असतो, तेव्हा त्याच्या मोठ्या आवाजाखाली संगणकाचा आवाज झाकला जातो. हिवाळ्यात कूलर व छताचा पंखा बंद होतात आणि तोच संगणक अचानक मोठ्याने ओरडू लागल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा आवाज वाढलेला नसतो. त्याच्यावरचे पांघरूण तेवढे निघालेले असते.

आवाज येतो कोठून?

संगणक जी वीज घेतो तिची अखेर जवळजवळ सर्वच उष्णता होते. शंभर वॉट वीज घेणारा संगणक म्हणजे खोलीत ठेवलेली शंभर वॉटची लहानशी शेगडीच होय. ही उष्णता बाहेर गेली नाही, तर आतील नाजूक भाग बिघडतात. म्हणून प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांची जुळणी बसवलेली असते. तिला हीट सिंक म्हणतात. तिच्यावर पंखा वारा घालतो. वीज पुरवणाऱ्या पेटीत, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये, दुसरा पंखा असतो. अनेक संगणकांच्या कॅबिनेटला तिसराही असतो. १९९३ साली पेंटियम प्रोसेसर बाजारात आला, त्या सुमारापासून घरगुती संगणकात प्रोसेसरसाठी वेगळा पंखा ही नित्याची गोष्ट झाली.

दुसरा आवाज हार्ड डिस्कचा. तिच्यातील तबकड्या बहुधा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणून तिच्यातून १२० हर्ट्‌झ वारंवारतेचा मंद गुंजारव निघतो. अशा दोन डिस्क एकाच संगणकात असल्या आणि त्यांच्या वेगांत किंचित फरक असला, तर आवाज लयीत चढतो व उतरतो. यालाच भौतिकशास्त्रात ‘विस्पंद’ म्हणतात. स्थिर आवाजाची कानाला सवय होते. चढउतार करणारा आवाज मात्र पुनःपुन्हा लक्ष वेधून घेतो.

तिसरा आवाज कंपनाचा. मिरजेचे तंबोरे प्रसिद्ध आहेत. तंबोऱ्याची तार नुसती छेडली, तर तिचा नाद अगदी क्षीण असतो. भोपळा आणि त्यावरील लाकडी तबली तारेबरोबर कंप पावतात, म्हणून तो खोलीभर पसरतो. संगणकाच्या बाबतीत हेच नको तेथे घडते. डिस्कचे व पंख्याचे कंपन कॅबिनेटच्या पातळ पत्र्यात उतरते, पत्र्यातून टेबलाच्या फळीत जाते आणि सारे टेबल वाजू लागते.

उपायांचा क्रम

आवाज अनेक असले, तरी सर्वांवर एकाच वेळी उपाय करण्याची गरज नसते. समजा, एका पंख्याचा आवाज ४० डेसिबेल आणि डिस्कचा ३० डेसिबेल आहे. दोन्ही मिळून ७० होत नाहीत, सुमारे ४०.४ डेसिबेल होतात. म्हणजे डिस्क पूर्ण गप्प केली तरी कानाला फरक जाणवणार नाही. म्हणून जो आवाज सर्वांत मोठा, त्यापासून सुरुवात करावी.

पहिला उपाय स्वच्छतेचा. हीट सिंकच्या पात्यांत धूळ दाटली की वारा आत शिरत नाही, उष्णता साठते आणि पंखा अधिक वेगाने फिरू लागतो. आवाज अचानक वाढला असेल, तर प्रथम धुळीचाच संशय घ्यावा. संगणक बंद करून, वीजजोडणी काढून कॅबिनेट उघडावे. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वेडेवाकडे फिरून बिघडते. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये. वीज तोडल्यानंतरही तिच्यात धोकादायक विद्युतभार काही काळ शिल्लक राहू शकतो.

दुसरा उपाय उष्णता कमी करण्याचा. काम नसताना उघडे ठेवलेले कार्यक्रम बंद करावेत. थोडा वेळ उठायचे असेल, तर संगणकाला ‘स्लीप’ अवस्थेत ठेवावे. विजेच्या सेटिंगमध्ये बचतीचा पर्याय निवडावा. उष्णताच कमी निर्माण झाली की पंख्याला धावावे लागत नाही.

तिसरा उपाय पंख्याचा वेग कमी करण्याचा. येथे निसर्गाचा एक नियम आपल्या मदतीला येतो. पंख्याचा वेग निम्मा केला, तर वाराही साधारण निम्मा होतो. परंतु आवाज ढोबळमानाने १५ डेसिबेलने उतरतो. कानाला १० डेसिबेलची घट साधारणतः निम्म्या आवाजासारखी वाटते, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाचे मोल कळते. निम्म्या वेगाचे दोन पंखे एका वेगवान पंख्याइतकाच वारा देतात. दोन पंख्यांमुळे ३ डेसिबेलची भर पडते खरी, तरीही आवाज सुमारे १२ डेसिबेलने कमीच राहतो. मोठ्या व्यासाचा, संथ फिरणारा पंखा लहान व वेगवान पंख्यापेक्षा शांत असतो, त्याचेही कारण हेच. अनेक संगणकांत तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवण्याची सोय असते; ती चालू ठेवावी.

चौथा उपाय कंपन तोडण्याचा. सैल झालेले स्क्रू आवळावेत. हार्ड डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये रबराच्या चकत्या बसवून घ्याव्यात. कॅबिनेटखाली रबराचे पाय लावावेत. ही कामे करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करता येते. संगणक चालू असताना त्याच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात हलकेच टेकवावा. आवाज चटकन कमी झाला, तर पत्रा वाजतो आहे असे समजावे. संगणक चालू असताना तो उचलू किंवा हलवू मात्र नये. हार्ड डिस्कला धक्का बसतो.

यानंतरही आवाज उरला, तर जागेचा विचार करावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबेलने घटते. बंद खोलीत भिंतींवरून ध्वनी परत येत असल्याने घट कमी होते. तरी संगणक उशापासून खोलीच्या दुसऱ्या बाजूस नेल्याचा लाभ होतोच. उघड्या भिंती आणि फरशी यांच्या खोलीत निनाद अधिक असतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबिन यांनी १८९५ साली एका व्याख्यानगृहातील निनादाचा अभ्यास हाती घेतला. रात्रीच्या शांततेत नाटकगृहातील गाद्या आणून मांडायच्या आणि आवाज विरण्यास किती वेळ लागतो हे मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. जितक्या गाद्या अधिक, तितका आवाज लवकर विरतो, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या घरातील सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट हेच काम करतात.

काय करू नये?

आवाज कमी करण्याच्या उत्साहात पुष्कळ जण संगणकावर चादर टाकतात किंवा त्याला बंद कपाटात ठेवतात. आवाज थोडा वेळ दबतो. मग आतील हवा तापते, पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात आणि पूर्वीपेक्षा मोठा आवाज सुरू होतो. मे महिन्यात जबलपूरचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. अशा दिवसांत खोलीतील हवाच तापलेली असताना संगणकाची कोंडी करणे म्हणजे त्याचे आयुष्य घटवणे होय. गोधडी भिंतीवर टांगावी, संगणकावर टाकू नये. कॅबिनेटची जाळीची बाजू भिंतीपासून निदान वीतभर दूर असावी. तळाशी जाळी असेल, तर कॅबिनेट गालिच्यावर ठेवू नये. आवाजाला कंटाळून पंख्याची जोडणी काढून टाकणे तर सर्वस्वी अयोग्य आहे.

आवाज काय सांगतो?

आवाज हा केवळ उपद्रव नव्हे. तो यंत्राचा निरोपही आहे. पंख्यातून खरखर आली, तर त्याचे बेअरिंग झिजले आहे, तो बदलावा. हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येऊ लागला, तर ती बंद पडण्याच्या बेतात असू शकते. अशा वेळी इतर सर्व कामे बाजूला ठेवून आपली कागदपत्रे, छायाचित्रे व अभ्यासाच्या नोंदी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. आपल्या भाषेत ‘घरघर लागणे’ याचा अर्थ अखेर जवळ येणे असा होतो. डिस्कच्या बाबतीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरतो. आज हार्ड डिस्कऐवजी एसएसडी वापरता येते. तिच्यात फिरणारा एकही भाग नसल्याने तिचा गुंजारव नसतो. तीही एके दिवशी निकामी होऊ शकते, आणि तेव्हा ती आवाजाने सावध करीत नाही. म्हणून माहितीची दुसरी प्रत नेहमीच ठेवावी.

आता कांचघरमधील त्या घराकडे पुन्हा वळू. मुलीने रविवारी बाबांच्या मदतीने संगणक उघडला, धूळ झाडली, सैल स्क्रू आवळले, संगणक आजींच्या पलंगापासून दूर नेला आणि वीज-बचतीचा पर्याय निवडला. यांपैकी पंख्याला हात लावण्याची वेळही कदाचित येणार नाही. बाबांना आवाज ऐकू येत नसला, तरी पत्र्यावर हात ठेवून कंपन ओळखण्याचे त्यांचे तीस वर्षांचे कसब येथे कामी येते. संगणक पूर्ण नि:शब्द होणार नाही. परंतु आजींना झोप लागेल आणि मुलीचा अभ्यासही चालू राहील.

घरातील आवाजाचा विचार करताना ‘मला त्रास होत नाही’ एवढेच पुरेसे नसते. त्याच खोलीत दुसऱ्या कोणाची झोप, कोणाचे वाचन, कोणाचे दुखणे असते. आवाज दाबण्यापेक्षा त्याचे कारण शोधावे आणि कारण शोधताना शेजारी झोपलेल्या माणसाचा कान आपला मानावा. संगणकासाठी सांगितलेली ही गोष्ट घरातील प्रत्येक यंत्राला लागू पडते.