फुरशांचा मुलूख, बेडकांचा पाऊस

वन्यजीवांच्या दर्शनाची हौस असलेला महाराष्ट्रीय गृहस्थ सुटी मिळताच ताडोब्याची किंवा मेळघाटाची वाट धरतो, पहाटेच्या थंडीत उघड्या गाडीत बसून व्याघ्रराजाची प्रतीक्षा करतो, आणि तो न दिसल्यास जंगलात काहीच नव्हते असे सांगत घरी परततो. या हौसेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, कारण वाघ हा पाहण्याजोगा प्राणी आहे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि मोठ्या जनावरांच्या मापाने रानाची प्रतवारी लावण्याची ही रीत सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात घेऊन आल्यास पाहुण्याच्या पदरी निराशा येते आणि दोष मात्र निष्कारण रानाला लागतो. या जिल्ह्याचे खरे वैभव पायाशी आहे. दगडाखाली, डबक्यात, जांभ्याच्या भेगेत आणि मच्छीमाराच्या जाळ्यात आहे, आणि ते पाहण्यासाठी दुर्बिणीपेक्षा वाकण्याची तयारी अधिक उपयोगी पडते.

संवर्धनजीवशास्त्र हा माझा व्यवसाय. या शास्त्राचे वाङ्मय बव्हंशी ऱ्हासाचे वाङ्मय आहे: काय उणे झाले, किती उणे झाले आणि किती वर्षांत झाले, याचा तो जमाखर्च असतो. हा जमाखर्च आवश्यकच आहे. परंतु ज्याने कुणी आयुष्याची उमेदीची वर्षे बेडकांमागे घालवली, तो आकडेमोडीच्या ओढीने या वाटेला लागला असे मला तरी आढळलेले नाही. त्याला बेडूक आवडत होते, एवढेच त्याचे कारण. ही आवड अहवालात नमूद करण्याची प्रथा नाही. माझे म्हणणे असे की या जिल्ह्यात प्राण्यांची नुसती मोजदाद झाली तेव्हा त्यांचे भले झाले नाही आणि माणसांचेही झाले नाही. ज्याची ओळख झाली, त्याला काही प्रमाणात तरी अभय मिळाले.

मोजदादीचा सर्वांत ठळक दाखला फुरसे या विषारी सापाचा आहे. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यात मोडत, आणि इंग्रजी अंमलात त्या जिल्ह्याची कीर्ती फुरशांचे माहेरघर अशीच होती. सरकारने फुरसे मारणाऱ्यास बक्षीस जाहीर केले, मेलेली फुरशी कचेरीत हजर करावयाची व रोख रक्कम घ्यावयाची असा शिरस्ता पडला, आणि दप्तरी नोंदींनुसार सहा वर्षे दरसाल सरासरी सव्वादोन लाख फुरशांबद्दल बक्षिसे वाटली गेली. सहा वर्षांची बेरीज साडेतेरा लाखांच्या घरात जाते. एवढा संहार होऊनही फुरसे या मुलखातून हटले नाही, आजही पावसाळ्याच्या तोंडावर कोणत्याही सड्यावर दगड उलथून पाहणाऱ्यास ते भेटू शकते, आणि खजिन्यातून गेलेल्या त्या रकमेतून कोकणाला काय मिळाले, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही रोजनाम्यात सापडत नाही.

खुद्द त्या राजवटीतील एक सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल यांनी मात्र या प्राणिसृष्टीकडे निराळ्या नजरेने पाहिले. 1880 साली त्यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापली, आणि 1890 साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात उत्तर कानड्यातील विषारी सापांविषयी लिहिताना इलाख्यातील सर्पदंशाच्या मृत्यूंचे सरकारी आकडे किती अपुरे असतात, हेही त्यांनी मांडले. साप मारण्याचा हिशेब चोख आणि सापाने मेलेल्या माणसांचा हिशेब अपुरा, असा तो कारभार होता.

फुरसे प्रत्यक्ष पाहिले असता त्याची दहशत आणि त्याची काया यांचा मेळ बसत नाही. लांबी बहुधा हातभराच्या आत, रंग वाळल्या मातीचा, डोक्यावर बाणाच्या फाळासारखी फिकट खूण. डिवचल्यास ते पळण्याऐवजी अंगाची वेटोळी एकमेकांत गुंतवून ती सतत सरकवीत राहते, आणि कुशीवरचे तिरपे, करवती कण्याचे खवले परस्परांवर घासून तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्र आवाज निघतो. तो आवाज म्हणजे इशारा असतो. ज्यांनी तो निवांतपणे, दोन पावले मागे उभे राहून ऐकला आहे, त्यांच्या मनात फुरशाविषयी भीती उरते, पण द्वेष उरत नाही, असा माझा अनुभव आहे. दंश होतात ते बहुधा गवत कापताना, चिरे उचलताना, काळोखात अनवाणी चालताना. विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते, हिरड्यांतून रक्त येऊ लागते, आणि अशा वेळी मांत्रिकाकडे न जाता रुग्णालय गाठणे हाच इलाज आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिविषलस घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होते. तिच्यासाठी लागणारे विष मुख्यत्वे तामिळनाडूतील इरुळा लोकांच्या 1978 साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. एके काळी सापांच्या कातड्यांवर ज्यांचा उदरनिर्वाह चाले, त्यांनीच साप पकडून, विष काढून, पुन्हा रानात सोडण्याचा व्यवसाय उभा केला. कोकणातील बक्षिसांच्या योजनेशेजारी हा व्यवसाय ठेवून पाहावा.

किनाऱ्याकडून वर चढून आंबोलीच्या घाटमाथ्यावर आले की मुलूख बदलतो. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस येथे कोसळतो, आणि त्या पावसाचे पहिले मानकरी बेडूक असतात. जांभ्याचे उघडे सडे उन्हाळ्यात इतके रखरखीत दिसतात की महसुली भाषेत त्यांची गणना पडीक जमिनीत होते; पाऊस आला की त्याच कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी साचते आणि तेथे जी वर्दळ सुरू होते, तिची नायिका म्हणजे आंबोलीची भेक. अंगठ्याएवढा हा प्राणी, कुशीवर हळदीच्या रंगाचे पट्टे मिरवणारा. शास्त्राने त्याला वाघाच्या नावावरून ‘झँथोफ्राइन टायगेरिना’ असे नाव दिले ते 2009 साली, एस. डी. बिजू, वरद गिरी आदी अभ्यासकांनी. त्याची कोयनेकडील बहीण 1963 सालीच नोंदली गेली होती. घाटातून शेकडो वर्षे वाहतूक चालली, गोऱ्या साहेबांनी येथे बंगले बांधले, सहली आल्या नि गेल्या, आणि पायाखालच्या या प्राण्याचे स्वतंत्र अस्तित्व एकविसाव्या शतकापर्यंत कोणाच्या ध्यानी आले नाही.

या भेकांचा संसार पाहण्यासाठी पहिल्या सरींच्या सुमारास रात्री सड्यावर बसावे लागते. नर दगडांच्या कडेला बसून साद घालतात, मादी येते, जोडी त्या उथळ पाण्यात अंडी घालते, आणि मग सारा भरवसा पावसावर. पाऊस चार दिवस दडी मारून बसला तर खळगा आटतो. मुसळधार कोसळला तर पाणी उतू जाऊन अंडी वाहून जातात. बेडूकमाशांनी घाई केली तरच निभाव लागतो, आणि ते घाई करतात. पावसाच्या लहरीवर कुटुंब चालवणारा शेतकरी या तारांबळीकडे त्रयस्थपणे पाहू शकेल असे मला वाटत नाही. जगात ही जात आंबोलीच्या आसपासच्या टापूतच सापडते आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. तिचा मोठा शत्रू कोण, असे विचाराल तर रात्रीच्या पावसात घाटरस्त्याने जाणाऱ्या मोटारींची चाके, असे मी उत्तर देईन.

आंबोलीच्या बाकीच्या मंडळींचा उल्लेख धावताच करावा लागतो. डबक्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे लावणारा, पानासारखा हिरवा आणि बोटांमधल्या तांबूस पडद्यांच्या आधारे झाडावरून तरंगत उतरणारा मलबारी उडता बेडूक. ज्याच्या अंड्यांतून बेडूकमासा न निघता थेट चिमुकला बेडूकच बाहेर येतो तो, आंबोलीचेच नाव धारण करणारा झुडपी बेडूक. आणि ज्याला शेतकरी गांडूळ समजून बाजूला टाकतो ते देवगांडूळ. या शेवटच्या प्राण्याला हातपाय नाहीत, पण पाठीचा कणा आहे, जबड्यात दात आहेत, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये वास घेण्यासाठी एक इवलासा स्पर्शक आहे. आंबोलीत सापडलेल्या अशा एका जातीला 2003 साली निसर्ग इतिहास संस्थेच्या जे. सी. डॅनियल यांचे नाव देण्यात आले. भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवरचे त्यांचे 1983 सालचे पुस्तक ज्या पिढीने हाताळून जीर्ण केले, त्या पिढीतला मी आहे, त्यामुळे हा मान एका भूमिगत, अप्रसिद्ध जीवाच्या द्वारे मिळाला याचे मला विशेष वाटते. हिरण्यकेशीच्या उगमापाशी, देवळाच्या कुंडात, 2020 साली एक नवा मासा नोंदला गेला आणि 2021 साली ते स्थळ शासनाने जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केले, हेही येथेच सांगून टाकतो.

अलीकडे आंबोलीत पावसाळी रात्री विजेऱ्या व कॅमेरे घेऊन फिरणाऱ्यांची गर्दी होते. बेडूक पाहण्यासाठी पैसे मोजून माणसे येतात आणि स्थानिक तरुण त्यांना वाट दाखवतात, ही गोष्ट माझ्या उमेदवारीच्या काळी कुणी सांगितली असती तर थट्टा वाटली असती. 1987 साली बंदी येईपर्यंत आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी रवाना होत होत्या, आणि किनारपट्टीवर चोरून बेडूक खाण्याची चाल आजही अगदीच मोडलेली नाही. म्हणून या गर्दीचे मी स्वागत करतो. मात्र फांदीवर रात्रभर निश्चल बसून भक्ष्याची वाट पाहणाऱ्या चापडा सापाला काठीने उचलून ‘चांगल्या’ पानावर बसवणारा छायाचित्रकार आणि फुरशावर बक्षीस लावणारा जुना अंमलदार यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. दोघांनाही साप आपल्या सोयीचा हवा असतो.

घाट उतरून दोडामार्गाकडे वळले की भीती आणि भक्ती यांचा संबंध अधिक गुंतागुंतीचा होतो. गावोगाव सातेरी देवी वारुळाच्या रूपाने पुजली जाते, आणि वारुळात कोण राहते हे गावकऱ्याला सांगावे लागत नाही. हेवाळे-बांबर्डे येथील रानटी जायफळाची दलदल, जिच्यात झाडांची मुळे गुडघे मोडल्यासारखी चिखलातून वर येतात, ती देवाच्या नावाने राखली गेली म्हणूनच शासनाला ती वारसा स्थळ म्हणून जाहीर करता आली. तेरेखोल नदीत मगरी आहेत; त्यांच्याशी काठच्या लोकांचे संबंध सलोख्याचे आहेत असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण गुरे ओढली जातात आणि माणसे चिडतात. पण शेजारच्या गोव्यात कुंभारजुव्याच्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी पौष अमावास्येला मातीची मगर घडवून तिची पूजा करण्याची ‘मांगे थापणी’ टिकवली आहे. बांध फोडू नये, शेतात शिरू नये, अशी विनवणी त्या मातीच्या मगरीला केली जाते. वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 सालचा. हा करार त्याच्या कितीतरी आधीचा.

किनाऱ्यावर कासवाची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती लांबवत नाही. वाळूत पुरलेली शंभरेक अंडी उकरून विकणारी गावे आता तीच अंडी कुंपणात राखतात. याचा आरंभ चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे केला, आणि वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला कासवांची जत्रा भरू लागली ती त्याच परंपरेत. मला अधिक रस आहे तो अलीकडच्या एका घटनेत: 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. दोन किनाऱ्यांवरची कासवे निराळी, असे गृहीत धरून आम्ही मंडळी आराखडे आखत होतो. त्या मादीने अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून ते गृहीत मोडीत काढले.

राहिला दर्या. 1987 साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, 29.12 चौरस किलोमीटरचे, सिंधुदुर्ग किल्ल्याला पोटात घेणारे. मच्छीमारांना विश्वासात न घेतल्याने ते बरेचसे कागदावरच राहिले. त्याच पाण्यात ट्रॉलरच्या जाळ्यांतून मासळीबरोबर समुद्रसर्प वर येतात. चपटी, वल्ह्यासारखी शेपटी, फुप्फुसांनी श्वासोच्छ्वास आणि पाण्यातच जिवंत पिलांना जन्म, अशी त्यांची राहणी असल्यामुळे तासन्‌तास पाण्याखाली ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात ते गुदमरून मरतात. मालवणच्या बंदरावर अभ्यासकांनी या सापांची नोंद काळजीपूर्वक ठेवली, आणि या शतकाच्या आरंभीच्या नोंदींशी ती ताडून पाहता असे दिसले की पूर्वी जाळ्यांत जिचे प्राबल्य होते ती काटेपोट्या सापाची जात मागे पडली असून चोचनाक्या सापाने तिची जागा घेतली आहे. अभ्यासकांनी याचा संबंध मासेमारीच्या दडपणाशी जोडला आहे. चोचनाक्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी राहतो आणि शिंगाळा मासा गिळतो. शिंगाळ्याचा काटा ज्याने एकदा हातात भरवून घेतला आहे, त्याला या सापाच्या घशाविषयी आदर वाटल्यावाचून राहणार नाही.

“मासो कमी झालो, सरप काय कमी जावक नाय,” असे एका वयस्क तांडेलाने मला धक्क्यावर सांगितले, आणि जाळ्यातला साप शेपटीला धरून सराईतपणे पाण्यात भिरकावला. त्याचे निरीक्षण एका परीने खरे होते, कारण साप तेवढेच दिसत असले तरी ते तेच साप राहिले नव्हते. समुद्रसर्पाच्या विषावर आपल्या देशात लस बनत नाही, हे त्याला ठाऊक होते; आपल्या उघड्या बोटांकडे पाहून त्याने ते हसत हसतच सांगितले. तरीही साप मारून टाकण्याऐवजी पाण्यात टाकण्याची रीत त्याच्या होडीवर होती, ती त्याला कोणत्याही हुकमाने लागलेली नव्हती. मोठ्या ट्रॉलरवर, जेथे खलाशी परमुलखातले आणि हंगामापुरते असतात, तेथे ही रीत किती पाळली जाते हे तपासण्याचे काम सध्या हाती घ्यावे असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सुचवीत असतो. त्यासाठी भल्या पहाटे धक्क्यावर उभे राहावे लागते, कपड्यांना मासळीचा वास चिकटतो, आणि मालवणी बोलता यावी लागते.